पुंज आणि स्कंध : उसन्या साक्षीचा मोह

गेल्या वर्षावासात अंबडच्या एका विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशीचा भाग अनित्यतेचा होता. वाचन संपल्यावर एक तरुण शिक्षक उभा राहिला. मुलगा अभ्यासू आहे, मिळेल ते मन लावून वाचणारा आहे. पुंजभौतिकीवर, म्हणजे ज्याला आज सर्रास 'क्वांटम' म्हटले जाते त्या शास्त्रावर, सामान्य वाचकांसाठी लिहिलेले एक पुस्तक त्याने नुकतेच संपवले होते. तो म्हणाला, "जगात स्थिर असे काहीच नाही, हे आता प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जे सांगितले, तेच आज क्वांटमवाले सांगत आहेत." टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली, हे आधीच कबूल करतो.

मागच्या ओळीत एक वृद्ध आई बसल्या होत्या. त्यांचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी करण्यात गेले. त्यांनी विचारले, "अन् उद्या त्यायनी ते खोटं ठरवलं, तं मंग आपुन काय करायचं, बाळा?"

कोणालाच उत्तर देता आले नाही. वंदना झाली आणि लोक घरी गेले. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. आईंना पुंजभौतिकी ठाऊक नव्हती. पण ज्या फांदीवर आम्ही बसलो होतो ती कच्ची आहे, हे त्यांना आमच्या आधी दिसले. त्या प्रश्नाला उत्तर शोधण्यासाठीच हा लेख आहे.

वाचण्याचा हक्क

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याने पदार्थविज्ञान शिकलेले नाही त्याने असली पुस्तके वाचूच नयेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. 'हे तुमच्या डोक्याचे काम नव्हे' हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. अंबड हा तालुका १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हाच्या मराठवाड्यात आपल्यापैकी किती जणांच्या घरात पाटी-पेन्सिल होती, हे वृद्धांना विचारा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्यामुळे आपल्या पोरांच्या हाती विज्ञानाचे पुस्तक आले. ते पुस्तक आता कोणी काढून घेऊ शकत नाही.

मराठीत हे ज्ञान आणण्यासाठी पुष्कळांनी कष्ट घेतले आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करीत आली आहे. २०२५ साली निधन पावलेले डॉ. जयंत नारळीकर हे जगन्मान्य शास्त्रज्ञ. पण मराठीत लिहिणे त्यांनी कधी कमीपणाचे मानले नाही. म्हणून प्रश्न 'वाचावे की नाही' हा नाही. वाचल्यावर आपण त्या वाचनाचे काय करतो, हा प्रश्न आहे. आणि तो बुद्धीचा जितका आहे, तितकाच शीलाचाही आहे.

हे शास्त्र म्हणते काय?

अंबडच्या मोंढ्यात ज्वारीची रास पाहा. लांबून ती एकसंध दिसते. जवळ गेले की दाणे दिसतात. अर्ध्या दाण्याचा व्यवहार कोणी करीत नाही. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी ऊर्जा पाण्यासारखी सलग वाहते, असे एकोणिसाव्या शतकापर्यंत मानले जाई. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे माक्स प्लांक यांनी मांडले की, ऊर्जेची देवघेव ठरावीक मापाच्या वाट्यांनीच होते असे धरले, तरच प्रयोगाशी हिशेब जुळतो. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी प्रकाशालाही तोच न्याय लावला. १९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी अशा प्रकाशकणांची मोजदाद करण्याची नवी रीत काढली. १९२५ साली हायझेनबर्ग यांनी आणि १९२६ साली श्रोडिंगर यांनी या शास्त्राला गणिताचा पाया दिला. त्या घटनेला शंभर वर्षे झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष पुंजविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले.

आता ज्वारीची उपमा कोठे लंगडी पडते तेही सांगितले पाहिजे, कारण उपमा देऊन गप्प बसणारा लेखक वाचकाला फसवतो. ज्वारीचा दाणा हा दाणाच राहतो. इलेक्ट्रॉन तसा राहत नाही. एका आडपडद्याला दोन बारीक फटी पाडल्या आणि त्यांवर एकेक इलेक्ट्रॉन सोडला, तर पलीकडे प्रत्येकाचा एकच ठिपका उमटतो. परंतु हजारो ठिपके जमल्यावर त्यांतून पट्ट्यापट्ट्यांची नक्षी तयार होते. तळ्यात दोन खडे टाकल्यावर लाटा एकमेकींत मिसळून जशी नक्षी होते, तशी. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ही नक्षी ठिपक्याठिपक्याने कशी भरत जाते ते दाखवून दिले. आणि इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला याची नोंद ठेवणारे यंत्र बसवले, तर ती नक्षी नाहीशी होते.

येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. 'निरीक्षणामुळे परिणाम बदलतो' असे पुस्तकात लिहिलेले असते. 'निरीक्षण' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोळे असलेला, मन असलेला माणूस उभा राहतो. आणि मग मनच जग निर्माण करते, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु प्रयोगात नक्षी मोडण्यासाठी माणूस लागत नाही. खोलीला कुलूप लावून सगळे चहाला गेले आणि यंत्र चालू राहिले, तरी नक्षी मोडतेच. या शास्त्रात निरीक्षण म्हणजे इलेक्ट्रॉनची दुसऱ्या कशाशी तरी अशी गाठ पडणे की त्याच्या मार्गाची खूण मागे राहील. एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे केवढा घोटाळा झाला, हे यावरून ध्यानात यावे.

या गणिताचा अर्थ काय लावायचा, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. बोर आणि आइन्स्टाइन यांचा त्यावर अनेक वर्षे वाद चालला. १९५७ साली एव्हरेट यांनी अगदी वेगळाच अर्थ मांडला. परंतु गणिताने दिलेली उत्तरे प्रयोगाशी जुळतात, यावर सगळ्यांचे एकमत आहे. १९४७ साली बनलेला ट्रान्झिस्टर, १९६० साली साकारलेला लेसर, आपल्या खिशातला मोबाईल हे सारे याच शास्त्राच्या आधाराने चालते. आणखी जवळचे सांगतो. १८८९ पासून एक किलो म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका ठोकळ्याचे वस्तुमान, असे ठरलेले होते. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लांक यांच्या स्थिरांकावरून केली जाते. म्हणजे अंबडच्या मोंढ्यात आपला माल ज्या किलोने मोजला जातो, त्याच्या मुळाशी आज पुंजभौतिकीचा एक आकडा आहे. तो आकडा शेतमालकासाठी एक आणि मजुरासाठी दुसरा, असा नसतो. मला या शास्त्राचा खरा आदर वाटतो तो येथे.

एकच साक्षीदार, दोन पक्ष

आता मोहाकडे वळू. पुंजभौतिकीच्या नावाने आज काय काय विकले जाते ते आपण पाहतोच. क्वांटम चिकित्सा आहे, क्वांटम लॉकेट आहे, इच्छा केली की विश्व ती पूर्ण करते असे सांगणारी महागडी शिबिरे आहेत. यांना आपण भोंदूगिरी म्हणतो, आणि योग्यच म्हणतो.

दुसरे लोक जरा वरच्या पातळीवरचे आहेत. ते श्रोडिंगर यांचे नाव घेतात. श्रोडिंगर यांना वेदान्ताची ओढ होती आणि १९४४ सालच्या आपल्या 'व्हॉट इज लाइफ?' या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एकाच चैतन्याचा विचार मांडला, हे खरे आहे. परंतु त्यांच्या समीकरणात तो विचार कोठेही घातलेला नाही. वेदान्त मानणाऱ्याने ते सोडवले तरी आणि न मानणाऱ्याने सोडवले तरी उत्तर एकच येते. मग समीकरणाने वेदान्त सिद्ध झाला, असे कसे म्हणता येईल?

आतापर्यंत आपण माना डोलावल्या असतील. आता आपल्या घरात पाहू. काही वर्षांपूर्वी एका गावी मी व्याख्यान दिले आणि दोन फटींच्या याच प्रयोगावरून सांगितले की, विज्ञानाने अनात्मवाद सिद्ध केला आहे. लोक खूश झाले. महिन्याभराने एका प्रवचनकारांचे ध्वनिमुद्रण माझ्या कानावर पडले. प्रयोग तोच, फटीही त्याच. आणि निष्कर्ष असा की, विज्ञानाने अमर आत्मा सिद्ध केला आहे! त्यांचेही श्रोते खूश होते. मी मनात म्हटले, जो साक्षीदार सकाळी वादीच्या बाजूने साक्ष देतो आणि दुपारी प्रतिवादीच्या बाजूने, त्याच्यावर कोणते न्यायालय विश्वास ठेवील? दोष इलेक्ट्रॉनचा नव्हता. त्याने दोघांपैकी कोणाच्याच बाजूने साक्ष दिली नव्हती. आम्ही दोघांनी आपापली वाक्ये त्याच्या तोंडी घातली होती.

आपल्याकडे असे जोड सर्रास लावले जातात. अनित्यता म्हणजे इलेक्ट्रॉनची चंचलता, शून्यता म्हणजे भौतिकीतली पोकळी, प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कणांची दूरस्थ गुंतागुंत. या गुंतागुंतीची कसोटी जॉन बेल यांनी १९६४ साली सुचवली, आणि तिच्यावरील प्रयोगांबद्दल आस्पे, क्लाउझर व झायलिंगर यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषय खरोखर अद्भुत आहे. परंतु प्रतीत्यसमुत्पाद हा प्रकाशकणांचा सिद्धांत नव्हे. दुःख कशामुळे उत्पन्न होते आणि काय थांबवले असता थांबते, याचा तो शोध आहे. दोन्हींत 'संबंध' हा शब्द येतो, एवढ्यावरून दोन्ही एक होत नाहीत.

आणि खुद्द 'पुंज' या शब्दाचेच पाहा. पुंज म्हणजे ढीग, रास. आपल्या पाच स्कंधांतील स्कंध या शब्दाचा अर्थही रास असाच सांगितला जातो. झाले! पुंज म्हणजे स्कंध, म्हणून तथागतांना पुंजभौतिकी ठाऊक होती, असे एखादा उत्साही बंधू उद्या लिहील. परंतु 'क्वांटम' हा मूळ लॅटिन शब्द; त्याचा अर्थ 'किती'. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी त्यासाठी 'पुंज' शब्द निवडला. दुसरा निवडला असता, तर ही जुळणी जन्मालाच आली नसती. अंबडच्या टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून तिथल्या देवीचे नाव मत्स्योदरी पडले, असे सांगतात. म्हणून कोणी त्या टेकडीवर गळ टाकून बसत नाही.

खोट्या साक्षीने खऱ्याचे काय बिघडते?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. तो शिक्षक तरुणच मला नंतर म्हणाला, "सर, आमच्या पोरांना अजून हिणवतात. तुमचा धम्म काल-परवाचा म्हणतात. जगातले मोठे शास्त्रज्ञ आमच्या बाजूचे आहेत, असे वाटले की पोर ताठ मानेने चालते. मग थोडी ओढाताण झाली, तर कोणाचे काय बिघडले?"

त्याच्या बोलण्यातली वेदना मला ठाऊक आहे. तरीही बिघडते, आणि आपलेच बिघडते.

एक, आपण धम्माला भाड्याच्या घरात नेऊन ठेवतो. विज्ञान बदलते, बदलणे हेच त्याचे सामर्थ्य आहे. आज ज्या अर्थावर आपण टाळ्या वाजवतो तो उद्या मागे पडला, की घरमालक आपल्याला बाहेर काढील. आईंचा प्रश्न हाच होता.

दोन, आपण नकळत एक भयंकर गोष्ट कबूल करतो. माणूस माणसाला समान आहे, हे इलेक्ट्रॉनच्या वागण्यावरून ठरते काय? समजा, प्लांक यांचा हिशेब उलटा निघाला असता आणि ऊर्जा पाण्यासारखी सलग वाहत असती. तर मग अस्पृश्यता न्याय्य ठरली असती काय? पाणवठ्यावर माणसाला हाकलणे योग्य ठरले असते काय? नाही, त्रिवार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी लोकांनी दीक्षा घेतली, ती कोणत्याही प्रयोगशाळेचा दाखला खिशात ठेवून नव्हे. त्यांना आपल्या जगण्याचा अनुभव होता आणि तो बदलण्याचा निश्चय होता.

तीन, आपली सवय बिघडते. जुनी पोथी म्हणत होती, 'तू वाचू नकोस.' ही नवी पोथी म्हणते, 'तुला कळणार नाही, पण आमच्यावर विश्वास ठेव.' दोन्हींत मान तुकवणे आलेच. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केलेल्या उपदेशाचा आशय आपण नेहमी सांगतो की, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका. त्याच यादीतला एक मुद्दा आपण सोयीने विसरतो. एखादी गोष्ट आपल्या आधीच्या मताशी जुळते एवढ्यावरूनही ती मानायची नाही. त्या दिवशी विहारात वाजलेल्या टाळ्या नेमक्या याच मुद्द्याला चुकल्या होत्या.

बाबासाहेबांनी काय केले?

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही विज्ञानाचा आधार घेतलाच आहे. घेतला आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धम्मग्रंथात पुनर्जन्माचा विचार करताना ऊर्जा नाश पावत नाही, या वैज्ञानिक तत्त्वाचा त्यांनी उपयोग केला आहे. परंतु तो कशासाठी केला ते नीट पाहा. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, ही समजूत दूर सारताना मागे काय उरते, हे सांगण्यासाठी त्यांनी तो केला. त्यांच्या हाती विज्ञान ही चाळणी होती. आपण तिचा हार करून मूर्तीच्या गळ्यात घालू पाहतो. चाळणीतून आपल्याला प्रिय असलेले काहीही खाली पडू शकते. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरेला प्रिय असलेली कथाही त्यांनी बुद्धीला पटत नाही म्हणून नाकारली.

बुद्धवचन कसे ओळखावे याच्या कसोट्याही त्यांनी दिल्या आहेत. जे बुद्धीला व तर्काला धरून आहे. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे. आणि तिसरी कसोटी अशी की, ज्या गोष्टींविषयी तथागतांची खात्री होती त्या त्यांनी निश्चित म्हणून सांगितल्या, आणि जेथे खात्री नव्हती तेथे आपले मत केवळ तात्पुरते म्हणून मांडले. ही तिसरी कसोटी विज्ञानाच्या प्रामाणिकपणापासून दूर नाही. धम्म आणि विज्ञान यांचे नाते शोधायचे असेल, तर ते येथे शोधावे. दोघांनी एकच निष्कर्ष काढला, हे ते नाते नव्हे. खात्री किती आणि कशाच्या जोरावर, हे सांगण्याची शिस्त दोघांनाही आहे, हे ते नाते होय.

अलीकडचे एक उदाहरण देतो. इटालियन शास्त्रज्ञ कार्लो रोव्हेल्ली यांनी २०२० साली पुंजभौतिकीवर सामान्य वाचकांसाठी 'हेल्गोलांड' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी आचार्य नागार्जुनांचा आदराने उल्लेख केला आहे. नागार्जुन वाचून त्यांना विचार करायला मदत झाली. आपल्याला त्याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या विचारवंताने दुसऱ्याला प्रेरणा देणे निराळे आणि त्याचे म्हणणे प्रयोगाने सिद्ध होणे निराळे. आनंद मानावा, दाखला म्हणून मिरवू नये.

मग वाचावे कसे?

वाचकहो, माझ्यासारख्या न शिकलेल्या वाचकाने असे पुस्तक हाती घेताना चार प्रश्न जवळ ठेवावेत.

१. लेखक प्रयोग सांगतो आहे की प्रयोगाचा अर्थ? प्रयोगाला एक वजन असते आणि अर्थाला दुसरे.

२. तो उपमा देतो तेव्हा ती कोठे लंगडी पडते हेही सांगतो काय?

३. इलेक्ट्रॉनविषयीच्या वाक्यावरून तो एकदम माणसाच्या मनाविषयी किंवा समाजाविषयी बोलू लागला काय? मधली पायरी कोठे आहे?

४. हे वाक्य खोटे ठरवायचे असेल, तर ते कशाने ठरेल? ज्याचे उत्तर 'कशानेच नाही' असे येते, ते विज्ञान नव्हे.

चौथ्या प्रश्नाचा धडा महाराष्ट्रातच मिळाला आहे. डॉ. नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका जमवल्या, आणि कोणती पत्रिका कोणाची ते ओळखण्यासाठी प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांतली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. ही कसोटी आपण दुसऱ्यांच्या ज्योतिषाला आनंदाने लावतो. तीच आपल्या व्याख्यानातल्या वाक्यांना लावण्याची हिंमत आपल्यात आहे काय? माझ्यात ती नव्हती. ती आणण्याचा मी प्रयत्न करीत आहे.

येत्या पौर्णिमेला मी त्याच विहारात जाणार आहे. त्या तरुणाला मी वाचन थांबव असे सांगणार नाही. उलट दोन फटींचा प्रयोग सगळ्यांना नीट समजावून सांग, आणि शेवटी धम्माची शेपटी न जोडता सांग, अशी विनंती करणार आहे. आणि त्या आईंना उत्तर देणार आहे : आई, उद्या त्यांनी ते खोटे ठरवले, तर आपण ते पुस्तक पुन्हा वाचू, आपली चूक झाली म्हणू आणि नवे शिकू. पण तुम्ही खोटे बोलत नाही, दुसऱ्याचे घेत नाही, कोणाला हलके लेखत नाही. यासाठी तुम्हाला काल त्यांची परवानगी लागली नव्हती, आणि उद्याही लागणार नाही.